चापातलं कंदीलपुष्प

पहिली पाळी सुटायला तासभर होता. सातपूरच्या आमच्या कारखान्यात टाइम ऑफिसातला माणूस सहसा मशीनशॉपमध्ये येत नाही. तो माझ्या लेथपाशी येऊन उभा राहिला, तेव्हाच मी मशीन बंद केलं. "घरून फोन होता. तुमचे ते कॉलेजातले सर... गेले." भास्कर निदान दिवाळी तरी बघेल, असं मी धरून चाललो होतो. आता दीड महिना झाला. हे लिहितोय ते त्याच्यासाठी कमी आणि माझ्या मनात एक गोष्ट खुपतेय म्हणून जास्त, हे आधीच सांगून टाकतो.

आम्ही शाळेत एका बाकावरचे. तो वनस्पतीशास्त्राचा प्राध्यापक झाला, मी टर्नर. सुट्टी असली की त्र्यंबकची एसटी पकडायची, अंजनेरीच्या फाट्यावर उतरायचं आणि डोंगर चढायचा. मला सगळं गवत सारखंच दिसायचं. तो मागून ओरडायचा, "सद्या, पाय बघून टाक, झाडांची चार कुळं तुडवलीस!" झाडं दाबून वाळवायचा त्याचा चाप मीच करून दिला होता. दोन फळ्या, चार बोल्ट, वर हाताने आवळायचे विंग नट. फळ्यांमध्ये जुनी वर्तमानपत्रं, त्यांच्या घड्यांत रोपं. त्याच्या विद्येचा एक नियम होता, नमुना घ्यायचा तो मुळासकट. तसा तो एरवी दयाळू माणूस, घरातली मुंगीसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडणारा. पण या नियमापुढे त्याचं काही चालायचं नाही.

सत्तरचं दशक निम्मं सरलं असेल. श्रावणात पठारावर, कड्याशी, एका खडकाच्या बेचक्यात तो अचानक गुडघ्यांवर बसला. बोटभर उंचीचं, फिकट हिरवं, छोट्या कंदिलासारखं फूल. कंदीलपुष्पाची ही जात त्याने तोवर फक्त पुस्तकात पाहिली होती. बारीक माशी या फुलात शिरते, आतल्या केसांमुळे अडकते आणि केस सुकले की आपोआप सुटते, हे त्याने मला तिथेच, धुक्यात भिजत, समजावून सांगितलं. मग पिशवीतून खुरपं काढलं आणि खालचा कांदा अलगद, एक मूळही न तोडता, बाहेर घेतला. मीच चाप धरला, मीच नट आवळले. दोघंही खुशीत होतो.

उतरताना पायथ्याच्या वाडीत पारूबाई नावाची ठाकर म्हातारी दारात भाजी निवडत होती. भास्करने कौतुकाने तिला चाप उघडून दाखवला. तिने रोप पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

"फुलावर असताना उपटलं व्हय, मास्तर?"

"अभ्यासाला लागतं, आजी."

"आमी कांदा खातो, पन कार्तिकात बी उडाल्याबिगर हात नाय लावत. आन् आता ऱ्हायलीत कुटं? आदी लय व्हती. गुरं चरली, वणवं लागलं... ह्ये एकच दिसायचं त्या बेचक्यात. मी दर साली बघून येती."

ती रागावली नव्हती, आणि तेच जास्त लागलं. एसटीत भास्करने नाशिक येईपर्यंत चाप मांडीवरून खाली ठेवला नाही. पुढे देशातल्या नामशेष होऊ घातलेल्या वनस्पतींच्या यादीसाठी माहिती आणि नमुने मागवणारं पत्र कॉलेजात आलं. त्याने ते रोप पाठवलं नाही, कॉलेजच्या कपाटातही ठेवलं नाही. त्यानंतर त्याने एकही झाड उपटलं नाही. विद्यार्थी हसायचे, सर नमुन्यांऐवजी चित्रं काढायला लावतात म्हणून. आणि दर श्रावणात तो त्या बेचक्याशी जायचा. मी बरोबर असलो तरी खडकाशी एकटाच जाऊन यायचा. परतल्यावर मी विचारत नसे. चेहऱ्यावर दिसायचंच.

या श्रावणात तो अंथरुणाला खिळलेला होता. "या वर्षी तू जाऊन ये, सदा," म्हणाला. मी गेलो. पावसात दोन तास तो खडक आणि आजूबाजूचं सगळं हातांनी चाचपलं. काही नव्हतं. त्याच्या घरी आलो तर डोळे दाराकडे लागलेले.

"दिसलं," मी म्हणालो. "एकच आहे. फुलावर आहे."

त्याने विचारलं, "हात नाही ना लावलास?"

"नाही."

"बरं केलंस." एवढंच म्हणून त्याने कूस बदलली. त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला, असं सुमनवहिनी म्हणाल्या. खोटं सत्कारणी लागलं म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मागच्या आठवड्यात वहिनींनी तो चाप माझ्या हातात दिला. "तुम्हीच केलात ना भाऊजी, तुमच्याकडेच असू दे." नट पावसाळ्याने गंजले होते, वहिनींकडून तेल घेऊन तिथेच सोडवले. मधल्या घडीत ते रोप, कांद्यासकट, चहाच्या रंगाचं झालेलं. पुढच्या प्रत्येक घडीत एकेक चिठ्ठी. वर्ष, आणि खाली दोन शब्द, दिसलं नाही. पुढे पुन्हा, दिसलं नाही. शेवटच्या चिठ्ठीतलं अक्षर थरथरलेलं होतं. "सदा म्हणतो, दिसलं. जागा विचारली नाही."

साध्या गवतालाही कुठे, किती उंचीवर, कोणत्या अंगाला, असं विचारून मला भंडावून सोडणारा माणूस तो. त्याने जागा विचारली नाही. माझं खोटं त्याला त्याच क्षणी कळलं होतं, आणि मला तोंडघशी पडू द्यायचं नाही म्हणून तो गप्प राहिला. मी तिथेच, वहिनींसमोर, रडलो.

चाप आता माझ्या कपाटावर आहे. सध्या कार्तिक चालू आहे, कुठे असलंच तर त्याचं बी याच दिवसांत उडत असेल. चिठ्ठ्यांनंतरची एक घडी रिकामी आहे. पुढच्या श्रावणात मी चढणार आहे, आणि या वेळी जे दिसेल तेच लिहिणार आहे.