झोप लागते का, विचारणारी नेत्साई

नेत्साई चिगोडोरा आमच्या विद्यापीठाच्या दवाखान्यात नर्स होती. मी औषधांच्या खिडकीवर बसायचे, तिचं टेबल समोरच. अंगाने धिप्पाड, शाळेत असताना नेटबॉलची गोलरक्षक. बोलणं मात्र मोजकं. आई अंथरुणाला खिळली म्हणून मुतारे शहरातल्या मोठ्या इस्पितळातलं बाळंतपणाचं काम सोडून ती इथे आली होती.

त्या वर्षी दवाखान्याच्या डॉक्टर मुसारुरांनी विद्यार्थ्यांचं एकंदर स्वास्थ्य मोजायला घेतलं. वजन, रक्तदाब, जेवण, झोप, जिवाभावाची माणसं, मनाची अवस्था. प्रत्येक उत्तराला गुण. प्रश्न विचारायला नेत्साई बसली. तिला बजावलं होतं, छापलंय तसंच वाचायचं, पदरचं काही घालायचं नाही.

पहिल्या आठवड्यात विचारलेली सगळी पोरं कागदावर ठणठणीत निघाली. त्याला कारण आमची रीत. सकाळी कुणी ‘झोप झाली का’ विचारलं, की म्हणायचं, ‘तुमची झाली असेल तर माझीही झाली.’ घरात मयत असली तरी उत्तर तेच.

जूनमध्ये, आमच्याकडच्या ऐन थंडीत, येउकाई आली. डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी, पांढरा कोट कडक इस्त्रीचा, आत हाडांचा सापळा. काट्यावर उभी राहिली तेव्हा नेत्साईने आकडा दोनदा पाहिला.

“गेल्या पंधरवड्यात झोप कशी लागली?”

“सिस्टर, तुम्हाला लागली असेल तर मलाही लागली.”

नेत्साईचा हात थांबला. आदल्याच आठवड्यात तिने आईला माती दिली होती.

“मला नाही लागली,” ती म्हणाली.

असं आम्ही बोलत नाही. रांगेतल्या मुली खाली बघायला लागल्या.

“मग... मलाही नाही, सिस्टर,” येउकाई म्हणाली.

“कधीपासून?”

“ईस्टरपासून.”

नेत्साईने तिला पडद्यामागे नेलं. पडदा काही भिंत नव्हे, मला ऐकू येत होतं. पोरगी शरीरशास्त्रात नापास झाली होती, फेरपरीक्षेतही. तेव्हापासून वर्गात गेलीच नव्हती. रोज कोट चढवून खोलीतून निघायची आणि टेकडीखालच्या चर्चच्या ओट्यावर दिवस काढायची.

नेत्साईने डॉक्टरांना आपणहून सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता.

“तुम्ही आधी स्वतःचं सांगितलंत,” ते म्हणाले. “म्हणजे तिचं उत्तर प्रश्नाला नाही, तुम्हाला आहे. हे मला मोजणीत धरता येणार नाही.”

“नका धरू. मुलीचं काय?”

“समुपदेशकाकडे पाठवा.”

“ते राजधानीतून, हरारेहून, महिन्यातून एकदा येतात. आत्ताच येऊन गेले.”

डॉक्टरांनी चष्मा पुसला. “मग तुम्हीच बघा. तुमच्या रजेवर मी सही करतो.”

शनिवारी दोघी कोंबीने, म्हणजे वडापच्या छोट्या बसने, येउकाईच्या घरी न्यांगाला गेल्या. पुढचं मला नंतर येउकाईनेच सांगितलं. तिचा बाप शेतात बटाटे काढत होता.

“काय डॉक्टरीणबाई, रोगी संपले वाटतं तिकडचे?”

नेत्साई गुडघ्यांवर बसली, टाळी वाजवून तिने त्याच्या देवकाच्या नावाने हाक दिली. “शुंबा, मुलगी आजारी आहे. हातापायांत काही नाही, पोटातही नाही.”

“मग कुठे, टोपीखाली?”

“बाबा, मी नापास झाले,” येउकाई म्हणाली. “दोनदा. वर्गात जात नाही. दिवसभर चर्चच्या ओट्यावर बसून असते.”

तो कुदळ मारत राहिला. ओळ संपल्यावर पाठ सरळ केली.

“अख्ख्या गावाला सांगून बसलोय मी. आता लोकांना काय सांगू?”

“खरं सांगा.”

“खरं! ते एवढं सोपं असतं तर तू त्या ओट्यावर कशाला बसली असतीस?”

नेत्साई मध्ये पडली नाही. संध्याकाळी सगळे साडझा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि भाजी जेवले. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी येउकाई उठली नाही. तिच्या आईने दोनदा हाक मारायला तोंड उघडलं. “असू दे,” एवढंच म्हणत बापाने तिला अडवलं, आणि कुत्र्यालाही अंगणातून हाकललं.

नेत्साई एकटीच परतली. राहिलेल्या मुलांना तिने छापलेले प्रश्न जसेच्या तसे विचारले. विद्यार्थ्यांचं स्वास्थ्य चांगलं ठरलं. सभ्यतेपोटी दिलेली उत्तरं वेगळी काढता आली नाहीत, असं डॉक्टरांनी अहवालाच्या तळाशी लिहिलं. आता इथे थांबायला आई नव्हती; वर्ष संपल्यावर नेत्साईने बदली मागून घेतली.

येउकाई वर्षभर घरी होती. मग परत आली, पण शेतीशास्त्राला. गावात बाप सांगतो, “आमची डॉक्टर मातीची आहे.” पहिल्याच सहामाहीत तिचा एक विषय गेला. निकाल लागला त्याच दिवशी तिने घरी फोन करून सांगितलं. बाप ओरडला, पोटभर ओरडला, आणि मग फोन तिच्या आईकडे दिला.