मास्तरांचं रंगाचं प्रमाण

ओल्या रंगीत सुताचा वास आला की चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यातली ती दुपार आठवते. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, प्रोग्रामरच्या नोकरीला महिनाही झाला नव्हता. आलेल्या व्यापाऱ्याला स्क्रीनवर नक्षी दाखवायची होती, पण रंगांचं प्रमाण झाकून. म्हणून जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत मी नक्षीच्या ऑब्जेक्टला, म्हणजे तिच्या माहितीच्या गठ्ठ्याला, दुसरं नाव दिलं, तीच प्रत समजलो आणि तिच्यातून रंगांचं प्रमाण डिलीट केलं. मूळ नक्षी पाहिली, तर तिथलंही प्रमाण गेलेलं! मागे उभे असलेले सुताचे रंग मिसळणारे म्हातारे रंगमास्तर म्हणाले, “माजं प्रमाण कुटं गेलं? वहीत न्हाय ते, ह्या कॉम्प्युटरातच हुतं की!” शेजारच्या सीनियर मॅडम उठून आल्या. “अरे, नावं दोन झाली, वस्तू एकच राहिली. सेव्ह केलंस का?” “नाही, मॅडम.” “मग वाचलास. आता कशाला हात लावू नकोस.” त्यांनी पान पुन्हा उघडलं आणि प्रमाण परत आलं. “लई घाबरवलंस बाबा,” म्हणत मास्तरांनी टेबलावरचा कागद ओढला आणि स्क्रीनवरून प्रमाण उतरवून घेतलं. आजही डिलीट लिहिताना मला कागदावर प्रमाण उतरवणारा तो हात दिसतो, आणि मी आधी खरी प्रत काढतो.