राखणदारानं पाजलेलं पाणी

माझे यजमान गेले ते घराजवळच्या बागेत, सकाळी फिरताना. मी पोळ्या करत होते. अनोळखी नंबरवरून फोन आला.

"बाई, मी बागेचा राखनदार बोलतोय. सायबांना बरं वाटंना झालंय. रिक्षात घालून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात न्यायलोय, तितंच या."

मी गॅस बंद केला, कणकेवर झाकण ठेवलं आणि निघाले. पोचले तोवर सगळं संपलं होतं.

मला रडू आलं नाही. तेराव्यापर्यंत येणाऱ्या प्रत्येकाला मी चहा घेणार का, म्हणून विचारत राहिले. पुण्याची लेक म्हणाली, "आई, एकदा मोकळी हो." मी बरं म्हटलं, गोळी वेळेवर घे म्हटल्यावर म्हणतात, तसं. मग तीही गेली. घरात मी दिवसभर कुठल्या तरी खोलीत उभी असायची आणि तिथं का आले, ते आठवायचं नाही.

महिन्याभरानं बागेत गेले. राखणदार नळीनं झाडांना पाणी घालत होता. साठीला आलेला, खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी. मी कोण ते सांगायला लागले.

"वळखलं की," तो म्हणाला. "दवाखान्यात मी हुतो. तुमी बघितलं न्हाय."

बाकाकडे त्यानं बोट केलं. चौथ्या फेरीला ते तिथं बसले, शर्टाचं वरचं बटण काढलं. त्याला घाम दिसला, म्हणून तो धावला.

"काही बोलले का, मामा?"

"म्या घरचा नंबर इचारला. त्यांनी तुमचा सांगितला. समदा, एक आकडा न चुकता." नळी दुसऱ्या झाडाकडे वळवून म्हणाला, "मंग पानी मागितलं."

त्यानं स्वतःच्या बाटलीतलं दोन घोट पाणी पाजलं होतं. हे सांगताना त्यानं नळी खाली टाकली.

"बाई, एक इचारू का? लोक म्हनत्यात, अशा टायमाला पानी पाजू नये. माझ्यामुळं तर न्हाय ना झालं?"

म्हणजे महिनाभर हा माणूस हे घेऊन शिट्टी वाजवत फिरत होता. मला त्यातलं काही कळत नव्हतं. तरी मी म्हणाले, "नाही मामा. डॉक्टर म्हणाले, काहीही केलं तरी वाचले नसते." डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. मी त्याच्याकडे बघत राहिले, खिडकीतून अनोळखी घरातलं बघावं तसं.

मग मी रोज जायला लागले. तो माळशिरसकडचा, घरची मेंढरं भावानं सांभाळलेली, हा शहरात आलेला. त्याची शिट्टी सतत चालू. कुणी हिरवळीवरून चाललं, कुणी कुत्रं आणलं, कुणी देवाला म्हणून पिशवीभर फुलं तोडली. माणसं त्याच्यावर ओरडायची, "बाग काय तुझ्या बापाची आहे का?" तो म्हणायचा, "न्हाय, म्हनूनच राखतोय की." माझ्याशी मात्र तो हळू बोलायचा. हे गेल्यापासून सगळेच तसं बोलायचे.

एकदा चालता चालता मी कण्हेरीचं फूल तोडलं. कशासाठी, ते मलाही माहीत नाही. मागून जोरात शिट्टी आली.

"ओ बाई! फुलाला हात लावायचा न्हाय!"

बाकांवरचे सगळे वळून बघायला लागले. माझे कान तापले. एवढं सगळं झाल्यावर यानं मला असं ओरडावं? मी ताडताड चालत त्याच्यापाशी गेले आणि म्हणाले, "एका फुलानं काय होतं हो?"

"तुमी एक, त्यांनी एक. मंग झाडाला काय ऱ्हातंय?" त्याचा आवाज जराही उतरला नाही.

मला खूप राग आला होता. घरी येईपर्यंत, जेवताना, दुपारी आडवी झाले तेव्हाही तो राग होताच. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गेले. तो त्याच कण्हेरीपाशी नळी धरून उभा होता. तेवढ्यात दोघं जण स्कूटर घेऊनच आत शिरले.

"धरा जरा," म्हणून त्यानं नळी माझ्या हातात दिली आणि शिट्टी वाजवत पळाला. मी त्या झाडाला पाणी घालत उभी राहिले.