कातळावरची एका दिवसाची बाग

ती घटना अजून डोळ्यांसमोर आहे, असं पोलिसानं म्हटलं की तुम्ही सावरून बसता. आता पोतं निघणार, पोत्यात मुंडकं निघणार. नाही निघणार. आमच्याकडे नाहीशी झाली होती हापूसची कलमं.

रत्नागिरीजवळच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एक म्हातारी मावशी कृषी खात्याची नोटीस पदरात गुंडाळून आली. फळबागेचं अनुदान घेतलंत, कलमं जगवली नाहीत, गुन्हा का दाखल करू नये?

"कसली कलमां वो? माझ्या कातळावर गवताशिवाय काय उगवत नाय. जन्मात एक झाड लावलेलं नाय मी तिथं."

चौकशी केली. अर्ज गावातल्या एका एजंटानं भरलेला. पेन्शनचं काम सांगून त्यानं मावशीकडून आधार, पासबुक, सह्या सगळं घेतलेलं. पण तपासणीच्या फोटोत कातळावर रांगेत हिरवीगार कलमं, आणि लाभार्थी म्हणून मावशीचं नाव. फोटो खरे होते. मग कलमं गेली कुठे?

एजंट खुर्चीत ऐसपैस बसून नाकात बोलायचा. "मावशीनंच लावून घेतली, साहेब. गुरांनी खाल्ली त्याला मी काय करू?"

हे टिकलं असतं तर मावशी आरोपी. त्या वयात कोर्टाच्या पायऱ्या.

पंचनाम्याला कातळावर गेलो. खड्डे होते, पण इतके उथळ की माझा बूटही बुडला नसता. कोपऱ्यात दगडापाशी नारळाची करवंटी आणि अगरबत्तीच्या काड्या. म्हणजे खणण्याआधी राखणदाराला गाऱ्हाणं घातलेलं. जागा राखणाऱ्या या दैवताला सांगितल्याशिवाय आमच्याकडचा गडी कुदळ उचलत नाही, मग बाग खोटी का असेना. आणि गाऱ्हाण्यात काम करवून घेणाऱ्याला काम काय ते गड्यांदेखत मोठ्यानं बोलावं लागतं.

खड्डे खणणाऱ्या गड्याला ठाण्यात बोलावलं. काहीही विचारा, "आठवत नाय." मला शाळेपासून नकलांची खोड. उठलो, टोपी काढली, हात जोडले आणि एजंटाच्या नाकातल्या आवाजात सुरू केलं, "हे बा राखणदारा म्हाराजा, आज मावशी तुझ्या जागेत हापूसची बाग लावतेय..."

"व्हय म्हाराजा," शेजारच्या टेबलावरून ठाणे अंमलदार गाऱ्हाण्याला साथ द्यायच्या सवयीनं बोलून गेला.

"...ती पिढ्यानपिढ्या फळू दे..."

गडी कासावीस झाला. "तसा नाय वो म्हणालान तो. राखणदाराच्या नावानं भलतंसलतं नको, साहेब."

"मग कसा म्हणालान?"

त्यानं हात जोडले. "हे म्हाराजा, ही कलमां गुहागरच्या नर्सरीतनं भाड्यानं आणलेली हायत. साहेब लोक फोटो काढून गेले की सांजच्याला परत जाणार. मावशीला यातलं काय ठाऊक नाय, तिच्यावर कोपू नको. तवर इचूकाट्याला आवर."

अंमलदार या वेळी शब्दन् शब्द लिहून घेत होता.

जबाब झाला. नर्सरीवाल्यानं कलमं ओळखली, टेम्पोवाल्यानं फेरी कबूल केली. मग एजंटाला समोर बसवून त्याचंच गाऱ्हाणं त्याच्याच आवाजात ऐकवलं. अर्ध्यातच म्हणाला, "पुरे, साहेब." तो आरोपी झाला, मावशी साक्षीदार.

तेव्हापासून मी एक धरून चाललो. प्रश्न विचारला की माणूस तोंड मिटतो. त्याच्यासमोर चुकीचं बोला, दुरुस्त केल्याशिवाय त्याला राहवत नाही. आणि बनेलातला बनेल माणूसही कुणापाशी तरी खरं बोललेला असतो. ते कोण, एवढं शोधायचं.

तिची सुटका झाल्याचं सांगायला मी ऐटीत मावशीच्या अंगणात गेलो. नकलेसकट सगळं रंगवून सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं.

"म्हणजे बूट घालून, नारळाशिवाय, पंख्याखाली गाऱ्हाणं घातलंस तू? नि वर माझी बाग फळू दे म्हणालास?"

"मावशी, ती युक्ती होती."

"मेल्या, तुझी युक्ती. तो चोर, पण राखणदाराला खरं सांगून मोकळा झाला. तू पोलीस, नि खोटं बोलून आलास. उद्या नारळ घेऊन कातळावर ये आणि निस्तर तुझ्या तोंडानं. आणि स्वतःच्या आवाजात बोल."