प्रतापच्या मनगटावरची राखी

आमचा प्रताप पहिल्यांदा उलटला तेव्हा त्याच्याकडे गाडी चालवायचा परवानाही नव्हता. शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या घरामागे ह्यांनी त्याला गवत कापायच्या मशीनचं इंजिन लोखंडी सांगाड्यावर बसवून एक बुटकी गाडी करून दिली होती. ती घेऊन तो शेजाऱ्यांच्या कुंपणात घुसला. पुढचा दात पडला. तोंडातलं रक्त थुंकून तो म्हणाला, "बाबा, वळताना मागची चाकं सुटतात." हे मेकॅनिकल इंजिनिअर. दाताकडे न बघता ते चाकांशी जाऊन बसले.

कॉलेज त्याने अर्ध्यावर सोडलं आणि ऐंशी साली फॉर्म्युला गाड्यांच्या शर्यतीत उतरला. ही गाडी उघड्या चाकांची आणि एका माणसापुरती. टबात निजल्यासारखं पडून ती चालवायची. दोन गाड्यांची चाकं एकमेकांना लागली की मागची हवेत उडते. प्रताप असा ओहायोत उडाला, डोक्यावर पडला आणि खांद्याचं हाड मोडून घेतलं. पुढच्या वर्षी विस्कॉन्सिनमध्ये घोट्याचा चुरा झाला. त्याच शर्यतीत त्याच्या पुढची गाडी भिंतीवर आपटली. तिचा चालक त्या रात्री वारला. प्रताप घरी नुसता पायाच्या प्लास्टरकडे बघत बसायचा.

गणपतीच्या जेवणाला मंडळातल्या शोभाताईंनी विचारलं, "आमचा अमित डॉक्टर होऊन रेसिडेन्सीला लागला. तुमचा काय करतो हो?"

"गाडी चालवतो," मी म्हटलं.

"म्हणजे टॅक्सी?"

शरयू, माझी धाकटी, हसून हसून ताटावर वाकली.

प्रताप मराठी तोडकंमोडकं बोलायचा, देवापुढे कधी उभा राहिला नाही. पण घोटा मोडला त्या साली शरयूने बांधलेली राखी तो घरी काढून ठेवून गेला होता. तेव्हापासून राखीपौर्णिमेनंतरच्या विस्कॉन्सिनच्या शर्यतीत राखी हातात असल्याशिवाय तो गाडीत बसत नसे.

पंच्याऐंशी साली एका मोठ्या संघाने त्याला प्रोटोटाइप दिली. चाकं झाकलेली, रुंद, जमिनीला चिकटलेली गाडी. दोन चालक आलटून पालटून तासन्‌तास चालवतात, पेट्रोलच्या टाकीला पाठ लावून. आगीत टिकणारे कपडे अंगावर सक्तीचे, आणि त्यांच्या आत नायलॉनचं काही चालत नाही. संघाचा मुख्य मेकॅनिक हँक प्रत्येकाला बाही वर करायला लावायचा. त्याने प्रतापच्या मनगटावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"इट्स रिलिजस," प्रताप म्हणाला.

धर्माचं म्हटल्यावर हँकने त्याची बाही पुन्हा खाली ओढली. राखी शरयूने शिकागोच्या डेव्हन रस्त्यावरच्या भारतीय दुकानातून आणलेली, चकचकीत, मध्ये स्पंजचं फूल, आणि धागा निखळ नायलॉनचा. आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही. राखी ती राखी.

शर्यतीच्या दुसऱ्या तासाला त्याची गाडी कठड्यावर आदळली, गरगरत दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर गेली आणि टाकी फाटली. आम्ही जाळीच्या कुंपणाशी उभे होतो. आधी आवाज आला, मग सगळी गाडी पेटली. दार वाकून बसलं होतं. आतून प्रताप दोन्ही मुठींनी ते ठोकत होता. पेटलेले हातमोजे मला दिसत होते. ह्यांनी जाळी धरून ओढली तेव्हा त्यांच्या बोटांतून रक्त आलं. शेवटी दोन माणसांनी दार पहारीने उचकटलं आणि त्याला काखेत धरून बाहेर खेचलं.

डॉक्टर म्हणाले, "कपड्यांनी त्याला वाचवलं. चेहरा, छाती, बोटं, सगळं भरून येईल. पण उजव्या मनगटाभोवती हे काय वितळलंय?"

नायलॉन कातड्यातून खाली, पार स्नायूंच्या दोऱ्यांपर्यंत गेलं होतं. ते खरवडून काढावं लागलं आणि मांडीचं कातडं तिथे लावावं लागलं. या हाताची मूठ पुन्हा पुरती वळणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मूठ नाही तर स्टिअरिंग नाही. शरयू खोलीबाहेर भिंतीवर डोकं आपटून घेत होती. "मी जाळलं त्याला," एवढंच म्हणत होती.

वर्षभर तो रबरी चेंडू दाबत राहिला. स्टिअरिंग धरण्यापुरती बोटं वळायला लागली, अंगठा तेवढा बोटांवर येईना. पुढच्या राखीला हँकने त्याला पुन्हा बोलावलं. तो स्वयंपाकघरात आला, शरयूपुढे हात केला.

"मी नाही बांधणार," ती म्हणाली. "यू आर नॉट गोइंग. कॅन्सल कर."

मी कणीक मळत राहिले. मलाही तेच हवं होतं. राखीशिवाय तो जाणार नाही हे आम्हा दोघींना पक्कं ठाऊक होतं. नुसतं गप्प राहिलं की पोरगा वाचणार होता.

त्याने पिशवीतून जळका सूट काढून टेबलावर टाकला. घरभर पेट्रोलचा आणि करपल्याचा वास सुटला.

"याच्या शिवणीतला धागा काढ. जळत नाही. लायटरनं ट्राय केलंय."

"मला नको सांगूस."

"शरू, तू नाही म्हणालीस तर आय वोन्ट गो. प्रॉमिस. पण मग तू लाइफभर म्हणत बसशील, मी दादाला जाळलं. ते मला नको."

शरयूने माझ्याकडे पाहिलं. मी कणकेतून हात काढले नाहीत. तिने कात्री घेतली, बाहीची शिवण उसवली, आणि तो काळपट धागा त्याच्या खडबडीत मनगटावर करकचून बांधला.

"दुखतंय."

"दुखू दे."

त्या रविवारी शर्यत संपत आली होती. मागच्या गाडीने त्याला मुद्दाम धडक देऊन भिंतीत घातलं. काचा फुटल्या, पुढचं चाक तुटून कुंपणावरून गेलं. प्रताप स्वतःच बाहेर आला, लंगडत त्या चालकाच्या तंबूपर्यंत गेला, हेल्मेट खाली ठेवलं आणि उजव्या हाताने त्याचं नाक फोडलं. चौघांनी त्याला ओढून बाजूला केलं. त्याच्यावर उरलेल्या मोसमाची बंदी आली.

मी पोचले तेव्हा तो टायरवर बसून हात झटकत होता. मनगटावर धागा तसाच होता. बोटांच्या पेरांतून रक्त येत होतं.

"बघू," मी म्हटलं. "मूठ वळ."

त्याने वळली. अंगठा बोटांवर घट्ट येऊन बसला.

शरयू माझ्या मागे उभी होती. तिने त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला, आणि मग त्याच पाठीवर डोकं टेकून रडायला लागली.