डिचोलीतलं गाळलेलं पाणी

मे महिन्यात मी कोल्हापूरहून गोव्याला निघाले, तेव्हा शेजारणीने समुद्रावर जपून राहायला सांगितलं. समुद्र माझ्या वाटेवर नव्हता. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या प्राथमिक शिक्षकांसाठी उन्हाळी विज्ञान कार्यशाळा होत्या आणि त्या घ्यायला मला बोलावलं होतं.

आंबोली घाट उतरून, सावंतवाडी मागे टाकून बस गोव्याच्या हद्दीवर, पत्रादेवीच्या नाक्यावर थांबली. एक पोलीस वर चढला आणि नेमकी माझीच पिशवी त्याने उघडायला लावली. वायरी, सेल, फुगे, व्हिनेगरची बाटली.

"हे काय?"

"शिक्षकांना प्रयोग शिकवायचे आहेत."

त्याने बाटलीचा वास घेतला आणि मान मागे खेचली. "सुट्टीतसुद्धा सोडत नाही तुम्ही त्यांना," एवढं म्हणून तो उतरला.

पेडणे तालुक्यात माझी राहायची सोय पार्से गावात, स्मिता परब यांच्या घरी होती. त्या जवळच्याच शाळेत शिकवतात. सकाळी पोदेर (पाववाला) भोंगा वाजवत आला की स्मिताबाई गरम उंडे (गोल, कडक पाव) घ्यायच्या आणि वर वाफाळतं तोणाक (उसळ) वाढायच्या. मागच्या बाजूने काजूच्या बोंडांचा आंबूस, गोड वास यायचा. संध्याकाळी त्यांच्या सासूबाईंनी मला नीरो (बोंडांचा ताजा रस) दिला आणि मी ग्लास खाली ठेवेपर्यंत समोरून हलल्या नाहीत.

पेडण्याची कार्यशाळा छान झाली. पहिल्या दिवशी हात बांधून बसलेले शिक्षक नंतर चुंबकावरून भांडू लागले. निघताना स्मिताबाई म्हणाल्या, "मॅडम, डिचोलीक मीय येतंय. एकदा शाळा सुरू झाली की खंय जावंक गावना." (कुठे जायला मिळत नाही.) मला सोबत हवीच होती.

म्हापशाला बस बदलली. डिचोली जवळ आली तशी माती लाल होत गेली. खाणींच्या मातीचे जुने ढिगारे टेकड्यांसारखे उभे होते आणि त्यांच्यावर एकाच जातीची झाडं रांगेत लावलेली होती.

इथे मी पाणी गाळण्याचा प्रयोग ठेवला होता. कापलेली बाटली, कापूस, कोळसा, वाळू, खडी. शिक्षकांनी आपापल्या गावातलं गढूळ पाणी आणायचं होतं. वैशाली गावस नावाच्या शिक्षिकेने आणलेलं पाणी सगळ्यांत लाल होतं. त्यांच्या वाड्यावरच्या बांयतलं (विहिरीतलं). ते पुन्हापुन्हा गाळावं लागलं, पण शेवटी खालच्या ग्लासात स्वच्छ, नितळ पाणी जमलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

वैशालीबाईंनी ग्लास उजेडात धरला. "मॅडम, हें उदक आता पियेवंक जाता?" (हे पाणी आता प्यायला चालेल?)

"नाही," मी म्हटलं. "यात विरघळलेलं काय आहे ते आपल्याला माहीत नाही. जंतूही असू शकतात."

"मला कळलं. पण माझ्या चौथीतल्या मुलांना? ती घरी जाऊन हेच करणार. नळाला पाणी नसलं की टँकरची वाट बघतात आमच्याकडे. आई म्हणणार, बघ, माझ्या चेडवाने (मुलीने) पाणी साफ केलं. आणि पिणार." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "मी हा प्रयोग शाळेत करणार नाही."

'हे पाणी पिऊ नये' ही ओळ मी नेहमी शेवटी सांगत आले होते. पण टाळ्या वाजल्यानंतर ती कुणाच्या कानावर पडत असेल?

जेवायला हुमण (माशाची आमटी) आणि भात होता. स्मिताबाई वैशालीबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. "प्रयोग सोडून कसं चलतलां गो? पाणी तर त्यांच्या घरातच आसा."

"मग काय करू, तूच सांग."

गाळलेल्या पाण्यातही काहीतरी उरतं हे मुलांना कसं दाखवायचं, यावर बोलणं सुरू झालं. कुणी म्हणालं, आधी पाण्यात शाई घालू. पण कोळसा शाई शोषून घेतो. मी साखर सुचवली. स्मिताबाई म्हणाल्या, मीठ बरं, सुकल्यावर दिसतं तरी. जेवण अर्धवट टाकून आम्ही उठलो.

लाल पाण्यात मूठभर मीठ विरघळवून ते पुन्हा गाळलं. पाणी तसंच नितळ निघालं. त्यातलं थोडं एका काळ्या तव्यावर ओतून तवा अंगणात उन्हात ठेवला. पाणी आटलं आणि तव्यावर पांढरा थर उरला. वैशालीबाईंनी खाली बसून त्यावरून बोट फिरवलं. मग उठल्या आणि आम्हालाच चौथीचा वर्ग समजून शिकवू लागल्या.

"ग्लासात मीठ दिसलं होतं?"

"नाही, बाई."

"होतं?"

"होतं, बाई."

"मग साफ दिसतं म्हणून प्यायचं?"

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. सगळे लिहून घेत होते.

परतीच्या बसमध्ये पिशवी हलकी झाली होती. सामान मी तिथेच ठेवून आले होते. घाट चढताना मनात येत होतं, की मी गोव्याला प्रयोग शिकवायला गेले आणि त्यातला सगळ्यात गरजेचा भाग तिथे तयार झाला. पण तो प्रयोग मुलांपर्यंत पोचेल का, याची मला खात्री नव्हती.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर वैशालीबाईंचा फोन आला. त्यांनी प्रयोग केला होता, तव्यासकट. तो बघून एका मुलीने विचारलं, "बाई, मग आमच्या बांयत काय आसा?"

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"मला माहीत नाही, असं सांगितलं. मग मुलांना घेऊन बांयवर गेले, बाटली भरली, आणि पालकांनी ती प्रयोगशाळेत तपासणीला नेऊन दिली."

"काय निघालं?"

"अजून कळवलं नाही," त्या म्हणाल्या. "पण मुलं रोज विचारतात."