डेझर्ट रोडवरची डिझेलची टाकी

न्यूझीलंडमध्ये वाळवंट आहे, हे पुण्यातल्या माझ्या आईला अजून खरं वाटत नाही. पण पामर्स्टन नॉर्थहून उत्तरेला दोनेक तास गेलं की डेझर्ट रोड लागतो. ज्वालामुखीच्या पायथ्याचा करडा माळ, खुरटं पिवळं गवत आणि वारा. उन्हाळ्यात तिथली वाळू तोंडावर टोचते, हिवाळ्यात तीच गोठून सिमेंटसारखी घट्ट बसते. मी इथे शिकायला आलो आणि इथलाच झालो. पेट्रोल पंप आणि इंधनाच्या टाक्यांची देखभाल हे माझं काम.

त्या रस्त्यालगत एका कंत्राटदाराचं यार्ड होतं. बर्फ काढणारे ट्रक तिथल्या टाकीवर डिझेल भरायचे. यार्ड सांभाळायला पन्नाशीच्या एक माओरी बाई होत्या. मी गेलो की "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून आधी चहा पुढे करायच्या, मग किल्ली. दर तीन महिन्यांनी मी फिल्टर बदलायचो, सील बघायचो आणि शिडीने वर चढून हवेची नळी साफ करायचो. पंप डिझेल ओढतो तेव्हा त्या नळीतून टाकीत हवा शिरावी लागते. नळी वाळूने किंवा बर्फाने तुंबली तर टाकी आत ओढली जाते, चोखलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीसारखी.

मे महिन्यात, इथला हिवाळा तोंडावर असताना गेलो तेव्हा वाऱ्याने गाडीचं दार उघडेना. शिडीच्या तीन पायऱ्या चढलो, पाय घसरला, उतरलो. अशा वाऱ्यात चढायचं नाही, हा नियमच आहे. 'तपासलं नाही' असं लिहिलं असतं तर कुणी काही बोललं नसतं. फक्त त्याच आठवड्यात परत यावं लागलं असतं. गाडीत बसून फोनवरच्या फॉर्ममध्ये नळीपुढे 'ठीक' अशी टिक केली आणि निघालो.

त्यानंतर बातम्यांत 'बर्फामुळे डेझर्ट रोड बंद' असं ऐकलं की मी उठून टीव्ही बंद करायचो. बायको विचारायची, "काय रे, काय झालं?" मी म्हणायचो, "कुठे काय."

जुलैत एका सकाळी बाईंचा फोन आला.

"डिझेल अगदी हळू येतंय," त्या म्हणाल्या. "आणि टाकी कण्हतेय. चेष्टा नाही करत, खरंच कण्हतेय."

मला तत्क्षणी कळलं. "पंप वापरू नका. मी निघतोच."

"दुपारी बर्फ येतोय. अजून तीन ट्रक भरायचेत. एवढं काय आहे, सांग ना?"

सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. "बघतो आल्यावर," एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला.

वाटेत दोनदा फोन लावला. पहिल्यांदा त्यांनी उचलला नाही, दुसऱ्यांदा रेंज नव्हती. आभाळ डोंगरावर टेकलं होतं. समोरून एकही गाडी येत नव्हती.

यार्डाच्या फाटकातूनच टाकी दिसली. एरवी गोल असलेली तिची कूस आत गेली होती. खाली शेवटचा ट्रक भरत होता आणि बाई शिडीवर अर्ध्यात, वर काय झालंय ते बघायला चढत होत्या.

"उतरा! पंप बंद करा!" मी ओरडलो. वाऱ्यात शब्द कुठल्या कुठे गेले. मी हात हलवत धावलो. ड्रायव्हरला कळलं, तो बटणाकडे वळला, आणि तेवढ्यात धाडकन आवाज झाला. पत्रा आत बसला, शिडी पिळवटली आणि बाई खालच्या काँक्रीटच्या कट्ट्यावर पडल्या. टाकीचा सांधा फाटून डिझेल त्यांच्या बुटांपाशी वाहत आलं.

आम्ही दोघांनी त्यांना उचलून बाजूला बसवलं. डाव्या हाताचं मनगट भलत्याच दिशेला वळलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मे महिन्यात तू ती नळी बघितली होतीस ना?"

मान डोलावणं सोपं होतं. फॉर्म माझ्याच बाजूने बोलला असता.

"नाही," मी म्हणालो. "चढलोच नव्हतो."

"आणि आज सकाळी फोनवर? तेव्हा माहीत होतं तुला?"

"हो."

त्यांनी तोंड फिरवलं. ड्रायव्हरने आपलं जॅकेट त्यांच्या खांद्यावर घातलं आणि मला म्हणाला, "तू जरा लांब उभा राहा." अँब्युलन्स येईपर्यंत मी फाटकापाशी उभा होतो. बर्फ सुरू झाला होता.

संध्याकाळी साहेबांना सगळं सांगितलं, लिहूनही दिलं. नोकरी राहिली, पण बाहेरची कामं काढून घेतली. वर्कशॉपमध्ये जुने पंप उघडत बसायचो. बायकोलाही सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना भेटून ये. फोन नको करूस, जा."

थंडी सरल्यावर गेलो. बाईंनी दार उघडलं, आत ये म्हणाल्या नाहीत. मी माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतली. डावा हात पुढे करून मूठ मिटून दाखवली. दोन बोटं अर्ध्यावरच थांबत होती.

"डॉक्टर म्हणतात, आता एवढंच मिटणार," त्या म्हणाल्या. "यार्डात आता तुझ्याऐवजी कोण येतं?"

मी सांगितलं.

"तो चढतो?"

"चढतो."

"बरं," म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.